पोलिसाच्या कमरेला कोणते पिस्तूल?

पोलीस दलासाठी नवी शस्त्रे घ्यावयाची म्हटली, की मंत्रालयापासून ठाण्याच्या ओसरीपर्यंत एकच वाद रंगतो: पिस्तूल कोणत्या बनावटीचे घ्यावे? कोणी ऑस्ट्रियाच्या ग्लॉकचे गुण गातो, कोणी ईशापूरच्या रायफल कारखान्यातील स्वदेशी पिस्तुलाचा अभिमान धरतो, तर केस पिकलेला एखादा फौजदार जुन्या रिव्हॉल्व्हरची आठवण काढून उसासा टाकतो. हा वाद शस्त्रागाराचा कारभार पाहणाऱ्यांनीच घालावा, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या शस्त्राची गोळी दादरच्या पुलावर किंवा भुलेश्वरच्या गल्लीत सुटावयाची, ते शस्त्र कोणते असावे आणि ते कोणत्या तयारीने कोणाच्या हाती द्यावे, हे विचारण्याचा अधिकार त्या पुलावरून रोज जाणाऱ्या प्रत्येक नागरिकास आहे.

पोलिसाचे पिस्तूल म्हणजे सैनिकाची रायफल नव्हे. ते वर्षानुवर्षे कमरेला असते. जिना चढताना, मोर्चातील रेटारेटी सोसताना, जीपमध्ये बसता-उठताना अंगाला घासत राहते. म्हणून त्याची पहिली कसोटी ही की, चाप ओढल्यावाचून ते कदापि सुटता कामा नये. दुसरी ही की, चाप ओढल्यावर त्याने दगा देता कामा नये. आणि तिसरी ही की, ज्याच्या वा जिच्या हाती ते द्यावयाचे, त्या हाताच्या मुठीत ते नीट बसले पाहिजे.

रिव्हॉल्व्हर पहिल्या दोन कसोट्यांना चांगले उतरते. त्याचा चाप लांब व जड. खटका लावण्या-काढण्याची भानगड नाही. पण त्यात बहुधा सहाच काडतुसे मावतात, आणि ती संपल्यावर पुन्हा भरण्यास जो वेळ लागतो, तो शत्रू देत नाही. ईशापूरचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल १९३५ साली बेल्जियममध्ये निघालेल्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या घडणीचे. तेरा काडतुसे, सुमारे नऊशे ग्रॅम वजन, घडण भक्कम. मात्र त्याचा घोडा आधी मागे ओढलेला नसेल, तर नुसत्या चापाने पहिली गोळी सुटत नाही. तेव्हा अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा राहतात: नळीत काडतूस भरून, घोडा चढवून, खटका लावून हिंडावे, नाही तर नळी रिकामी ठेवून ऐन वेळी दुसऱ्या हाताने पिस्तूल भरावे. पण पोलिसाचा दुसरा हात मोकळा असतो कोठे? त्या हातात आरोपीचे मनगट असते, काठी असते, कधी गर्दीतून बाहेर काढलेले मूल असते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने पत्करलेल्या ग्लॉकने ही अडचण दूर केली. प्लास्टिकचा सांगाडा, सतरा काडतुसे, रिकामे असता सुमारे सव्वासहाशे ग्रॅम वजन. वेगळा खटका नाही, चढवावयाचा घोडा नाही, आणि प्रत्येक गोळीला चापाची ओढ तीच.

कागदावर येथेच निकाल लागतो. परंतु ज्यांनी हा निकाल आमच्याआधी अमलात आणला, त्यांचा अनुभव पाहावा. अमेरिकेच्या राजधानीतील पोलिसांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्लॉक स्वीकारले. १९९८ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा १२० हून अधिक वेळा अनवधानाने गोळी सुटल्याचे निघाले, आणि शिक्षणातील हेळसांड उघडी पडली. हलका चाप, खटका नाही, आणि त्या चापावरून बोट दूर ठेवण्याची सवय अंगी बाणवलेली नाही, अशा संगतीतून दुसरे काय निपजणार?

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून नव्या पिस्तुलांची वाट धरली, तेव्हा त्यांनी उलट उपाय केला. एरवी अडीच किलोच्या आसपास असणारी चापाची ओढ त्यांनी सुमारे साडेपाच किलोपर्यंत जड करून घेतली. अपघात टाळण्याचा हेतू चांगला होता. पण जड चाप ओढताना नळी हलते, हे कोणताही नेमबाज सांगेल. रँड या संस्थेने २००८ मध्ये या दलाच्या शिक्षणाची तपासणी केली. १९९८ ते २००६ या काळात समोरासमोरच्या गोळीबारात पोलिसांच्या शंभरांपैकी सरासरी अठराच गोळ्या लागल्याचे तिला आढळले. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. खुनी मेला, पण पोलिसांच्या गोळ्यांनी वा त्यांच्या कपच्यांनी रस्त्यावरील नऊ निरपराध माणसे जखमी झाली. दोष एकट्या चापाचा होता, असे आम्ही म्हणत नाही. संयम आणि नेम या दोन्ही गोष्टी लोखंडात ओतून मिळत नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गोळीच्या आकाराचा वादही असाच. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, पाच घायाळ झाले. खापर ९ मिलिमीटरच्या गोळीवर फुटले. त्या संस्थेने अधिक जाड व जोरकस काडतुसे घेतली. धक्का वाढला, नेम ढळू लागला. आणि २०१४ मध्ये तिच्याच प्रशिक्षण विभागाने सुधारलेल्या ९ मिलिमीटर काडतुसाचा पुन्हा पुरस्कार केला. मोठी गोळी हुकली, तर तिचे मोठेपण कोणाच्या उपयोगी?

आता आपल्या घरचे पाहू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ काठी असता शत्रूच्या रायफलीची नळी धरली आणि प्राण दिला. त्यांना अशोकचक्र मिळाले. ते सर्वथा उचितच होते. परंतु पदकाने राज्याचे ऋण फिटत नाही. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या चौकशीत शीघ्र कृती दलालाही सरावासाठी काडतुसे पुरत नव्हती, ही लाजिरवाणी गोष्ट पुढे आली. जे दल निवडक म्हणून उभारले, त्याची ही कथा. मग साध्या ठाण्यातल्या फौजदाराच्या चांदमारीची काय कथा असेल?

पिस्तुलाइतकेच महत्त्व त्याच्या होल्स्टरला आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या वाहनात एका आरोपीचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने कठोर प्रश्न विचारले. खरेखोटे न्यायासनापुढे ठरावे. पण परक्या हाताने ओढल्यास पिस्तूल बाहेर येणार नाही, असे कुलूपबंद होल्स्टर प्रत्येकाच्या कमरेला असेल, तर असा प्रसंग घडणे कठीण होईल आणि असा बचाव करणेही कठीण होईल. पोलीस व नागरिक दोघांचेही त्यात हित आहे.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. रोजच्या कामासाठी पिस्तूल ९ मिलिमीटरचेच असावे. ते पडले, आपटले तरी सुटणार नाही याची कठोर परीक्षा घेऊनच ते घ्यावे. चाप ना फार हलका ना फार जड, आणि प्रत्येक गोळीला ओढ एकच असावी. मुठीची जाडी बदलता यावी. कारण दलात आता स्त्रियाही आहेत, आणि सर्वांचे हात एका मापाचे नसतात. या अटींत जे बसेल ते घ्यावे. स्वदेशी बसले तर आनंदच. परंतु प्रत्येक पिस्तुलाबरोबर कुलूपबंद होल्स्टर आणि दर वर्षीच्या सरावाची पुरेशी काडतुसे यांची तरतूद त्याच मंजुरीत झाली पाहिजे. ठरलेला सराव पुरा न करणाऱ्याचे पिस्तूल, तो कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो, शस्त्रागारात जमा व्हावे.

एवढा पैसा आणावा कोठून, असे विचारले जाईल. पैसा अपुरा असेल, तर पिस्तुले कमी घ्या, काडतुसे कमी करू नका. नव्या पिस्तुलांची छायाचित्रे छापून येतात, वापरलेल्या काडतुसांची येत नाहीत; म्हणून पहिल्यांवर खर्च होतो आणि दुसऱ्यांवर काटकसर. पुढच्या खरेदीच्या वेळी पिस्तुले किती घेतली, हे सांगून सरकारने थांबू नये. गेल्या वर्षी प्रत्येक अधिकाऱ्याने चांदमारीवर किती गोळ्या झाडल्या आणि त्यांतील किती लागल्या, हा आकडाही त्याने विधानसभेच्या पटलावर ठेवावा. तो आकडा समाधानकारक नसेल, तर नवी पिस्तुले मागण्याचा अधिकार गृहखात्याला उरत नाही.