‘गुलाबी साडी’ आणि आमची अभिरुची

गेल्या लग्नसराईत शिरूर येथील एका मंगल कार्यालयात जाण्याचा योग आला. वरातीत ‘गुलाबी साडी’ वाजू लागताच ज्यांचे पाय आपसूक थिरकले, तेच एक सुशिक्षित गृहस्थ पंगतीत पानावर बसल्याबरोबर मराठी संगीताच्या अधःपातावर आम्हांस व्याख्यान देऊ लागले. तीन मिनिटांचे हे उथळ गाणे म्हणजे परंपरेचा खून होय, असा त्यांचा निकाल.

जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुणाचे हे गीत २०२४ साली निघाले. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. वाद्यमेळ जी-स्पार्क यांचा. पाठीशी चित्रपट नाही, नाटक कंपनी नाही. तरी यूट्यूबवर ते दहा कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. आता तीन मिनिटांचाच गुन्हा म्हणावा, तर आमच्या लाडक्या भावगीताचे काय? ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी १९३०नंतरच्या काळात तबकडीवर गायिली, तेव्हा ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. त्या मापातच भावगीत वाढले आणि आम्ही त्यास अभिजात म्हणू लागलो.

राहिली परंपरा. याच शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी लावण्या व वग लिहिले. २०२१ साली ते निवर्तले. आमच्या गृहस्थांनी हे नावही ऐकलेले नव्हते! शेजारच्या दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, चौफुल्यास संगीतबारीची थिएटरे आहेत. तेथे लावणी बैठकीत गायिली जाते, अदाकारीसह. आमचा वर्ग त्या रस्त्याने मोटारीच्या काचा लावून पुण्यास नाट्यसंगीत ऐकावयास जात आला. जिला आपण कधी तिकिटाचे चार पैसे दिले नाहीत, तिच्या मरणाचे सुतक आपण कोणत्या नात्याने पाळावे? बारीवर पोट असलेल्या कलावंतिणीने या गाण्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले, तर ते आम्ही मान खाली घालून ऐकू.

गाणे निर्दोष आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. लावणीतील नायिका सख्याकडे शालू मागे. या गाण्यातील नायिकेपाशी साडी आहेच, तिला हवे आहे छायाचित्र. ही कल्पना ताजी आहे आणि आजच्या तरुणींच्या मनाशी प्रामाणिकही आहे. परंतु कवी तेथेच थांबतो. छायाचित्र निघाल्यावर पुढे काय, ते पाहणारा कोण, न पाहिले तर तिच्या जिवाची काय अवस्था, यांतले काहीच गाण्यात येत नाही. विरहावाचून शृंगार लवकर विटतो. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना आम्हांस नवे काही सापडले नाही.

हे आम्ही त्या गृहस्थांस सांगू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, “गाण्यात छायाचित्राचा उल्लेख आहे काय?”