पापणी उचलली, पण मन उतरलें

गिरडहून एका सुनेचें पत्र आलें आहे. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याची पापणी वयोमानानें बुबुळावर उतरली होती. पांच आठवड्यांपूर्वीं तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. आतां उजवी वर आली, तों डावी खालीं उतरलेली दिसूं लागली. शिवाय रात्रीं उजवा डोळा पुरता मिटत नाहीं. घरांत 'पैसे पाण्यांत गेले' असा सूर निघाला असून सासूबाईंनीं आरसा पाहणें सोडलें आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हां शस्त्रक्रिया करवून घ्यावी काय, असें सूनबाई विचारतात.

इतक्यांत नको, असें आमचें स्पष्ट मत आहे. सूज ओसरून पापणी आपल्या जागीं स्थिर होण्यास सामान्यतः तीन महिने तरी लागतात. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांच्या शापानें व्यापाऱ्यांचा माल दगड झाल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे; पण पांच आठवड्यांची पापणी कांहीं दगड झालेली नसते!

डाव्या पापणीचें कोडें मोठें मौजेचें आहे. दोन्ही पापण्या उचलणाऱ्या स्नायूंना मेंदूकडून सारखीच आज्ञा जाते. उजवी पडूं लागली तेव्हां तिला सांवरण्यासाठीं मेंदूनें जोर वाढविला, व त्या जोरावर डावीही उंच राहिली. आतां उजवीला आधार मिळतांच तो जास्तीचा जोर थांबला, आणि डावीची खरी जागा उघडी पडली. दोन्ही डोळ्यांस सारखी आज्ञा जाण्याचा हा नियम एवाल्ड हेरिंग (१८३४–१९१८) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. पडलेली पापणी बोटानें उचलून धरली असतां दुसरी उतरते काय, हें शस्त्रक्रियेपूर्वींच पाहतां येतें. तसें पाहून घरच्यांस आधीं सांगितलें असतें, तर निम्मी निराशा टळली असती. हा दोष सुरीचा नव्हे, न बोलण्याचा आहे.

रात्रीं डोळा न मिटणें हें मात्र दिसण्यापुरतें नाहीं. सैल झालेला कंडरा ताणून बसविल्यानें प्रथम असें होतें, व बहुधा हळूहळू कमी होतें. परंतु तोंवर बुबुळ कोरडें पडून त्यास जखम होऊं शकते. दिवसा थेंब व निजतांना मलम यांत खंड नसावा. डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधुक दिसूं लागलें, तर त्याच दिवशीं सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय गांठावें. तेथें नेत्रविभाग आहे.

तीन महिन्यांनीं प्रथम त्याच शस्त्रवैद्यांकडे जावें. काय जोडलें, किती जोडलें, हें त्यांसच नेमकें ठाऊक असतें. पापणीची कड बाहुलीच्या मध्यापासून किती मिलिमीटर वर आहे, हें दोन्ही डोळ्यांचें मोजून मागावें. एक मिलिमीटरच्या आंतील फरक चांगल्या शस्त्रक्रियेंतही राहतो. त्याहून अधिक असल्यास दुरुस्ती होऊं शकते, पण डोळा मिटत नसेल तर उजवी आणखी उचलण्याचा आग्रह धरूं नये. जातांना शस्त्रक्रियेपूर्वींचें छायाचित्र न्यावें, आणि सायंकाळीं पापण्या सकाळपेक्षां अधिक जड होतात काय, हें आठवडाभर टिपून ठेवावें. तसें होत असेल तर स्नायूंच्या दुर्बलतेचा विकार तपासावा लागतो, व तो औषधांचा विषय आहे.