कोऱ्या कार्डांचे सोवळे

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस येरमाळ्याच्या आमच्या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नसते. माळ्यावरचे सामान खाली येते, भिंतींवर हात फिरतो आणि अंगणाच्या कोपऱ्यात भंगारवाल्यासाठी एक ढीग साचू लागतो. त्या ढिगात दरवर्षी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा जाऊन पडतो आणि दरवर्षी मी तो गुपचूप उचलून परत माळ्यावर नेऊन ठेवतो. डब्यात टेलिफोनची कार्डे आहेत, दोनशेच्या आसपास. "ह्यातल्या एका तरी कार्डानं आता फोन लागतो का?" हा आमच्या सौभाग्यवतींचा सवाल. लागत नाही, हे मी कबूल करतो. ज्या यंत्रांच्या फटीत ती सारावयाची ती यंत्रेच केव्हाची मोडीत निघाली.

पण ह्या आघाडीवर माझे भांडण नाही. चकलीचा डबा आणि कार्डांचा डबा ह्यांना फळीवर एकच जागा असेल तर चकलीने जिंकावे हे रास्तच आहे. माझे भांडण आहे ते माझ्याच पंथाच्या लोकांशी. टेलिफोन-कार्डे जमवणारे लोक जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. आणि त्यांतली जाणती म्हणवणारी मंडळी पहिल्यावहिल्या नमुन्यांच्या आणि चाचणीच्या कार्डांमागे हात धुऊन लागलेली असतात. ह्या जाणत्यांनी एक सोवळे मांडले आहे. कार्ड कोरे हवे. त्यावर बोटाचा ठसा नको, ओरखडा नको, शाई तर नकोच नको. माझे म्हणणे असे की, इतर कार्डांचे काय असेल ते असो; चाचणीचे कार्ड कोरे असेल तर ते मुके, आणि वापरलेले, मळलेले, खरडलेले असेल तरच त्याला वाचा. फराळाचे ताट जवळ ओढून वाचकांनी माझी फिर्याद ऐकावी.

आधी हा प्रकार काय होता ते घरातल्या मुलांना सांगितले पाहिजे, कारण त्यांनी सार्वजनिक टेलिफोन पाहिला असेल तर सिनेमात. जुन्या टेलिफोनच्या पेटीत नाणे टाकावे लागे. नाणी मोजायला, काढायला, वाहायला माणसे लागत, आणि पेट्या फोडायला दुसरी माणसे टपलेली असत. १९७०च्या दशकात इटलीत सुट्या नाण्यांची एवढी टंचाई झाली की बँका छोट्या रकमांचे कागद छापू लागल्या. तिथेच १९७६ साली आधी पैसे भरून घ्यायचे टेलिफोन-कार्ड पहिल्याने निघाले. मग जो तो आपापली युक्ती पुढे करू लागला. ब्रिटनमध्ये १९८१ साली चाचणी झाली ती स्वित्झर्लंडच्या लँडिस अँड गिर कंपनीच्या पद्धतीची. तीत कार्डावर एक चकाकती पट्टी असे आणि बोलण्याच्या प्रत्येक एककागणिक यंत्र त्या पट्टीचा एक कण उष्णतेने पुसून टाकी. जपानने १९८२च्या डिसेंबरात चुंबकीय कार्ड आणले. त्याला यंत्रच कडेला छिद्र पाडून देई, म्हणजे अंदाजे किती शिल्लक ते माणसाला डोळ्यांनी दिसे. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो ह्या गृहस्थाने १९७४ साली कार्डात चिप बसवण्याचे पेटंट घेतले होते. १९८०च्या दशकात तिथल्या टेलिफोन खात्याने ती चिप रस्त्यावर आणली. आज तुमच्या मोबाइलच्या पोटात जे सिम आहे ते ह्याच चिपच्या कुळातले.

ह्यांतली कुठलीही पद्धत लोकांच्या हाती देण्यापूर्वी थोडी कार्डे छापून पाहावी लागत. काही इंजिनियरांसाठी, काही साहेबलोकांना प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी, काही दोनचार शहरांतल्या निवडक यंत्रांपुरती. त्यांवर चित्र नसे, सजावट नसे. कारखान्याचे नाव, एखादा आकडा, फार तर एक बाण, कार्ड कोणत्या बाजूने सारावे ते सांगणारा. आपल्या महाराष्ट्रातही ठाण्याच्या अॅपलॅबच्या नावाची कार्डे निघाली आणि ती आज संग्राहकांच्या याद्यांत आढळतात. पुढे लाखोंनी निघालेल्या रंगीत कार्डांपेक्षा ही रूक्ष, संख्येने मोजकी कार्डे दुर्मिळ, हे उघड आहे. म्हणून त्यांना किंमत. इथपर्यंत आमचे एकमत.

पुढे मतभेद सुरू होतो. इटलीच्या कार्डांना पुढे एक कोपरा असा असे की तो फाडल्याशिवाय ते चालू होत नसे. आमचे सोवळे संग्राहक कोपरा शाबूत असलेल्या कार्डाला जास्त दाम मोजतात. म्हणजे ज्या कार्डावर कोणी एक शब्दही बोलले नाही त्याला! ब्रिटिश कार्डाची पट्टी डागाळली, किंमत उतरली. जपानी कार्डाला छिद्र पडले, घसरले. अहो, पण हे डाग आणि ही छिद्रे म्हणजेच तर त्या यंत्राचे हस्ताक्षर! चाचणी कशासाठी होती? यंत्र डाग नीट पाडते की नाही, छिद्र जागेवर पडते की नाही, घामाच्या हातात, उन्हात, धुळीत कार्ड टिकते की नाही, हे पाहण्यासाठी. चाचणीचे कोरे कार्ड म्हणजे परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका. कागद स्वच्छ आहे, वळी नाही, डाग नाही, आणि उत्तरही नाही.

आमच्या जिल्ह्यात तेर आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. माझे संग्राहक मित्र त्या वेळी तिथे असते तर म्हणाले असते, "काका, ठोकू नका, पोचा येईल, भाव उतरेल!"

आता माझ्या डब्यातल्या एका कार्डाची हकीकत. आमचे थोरले बंधू त्या काळी मुंबईत एका छापखान्यात जुळारी होते. आमच्या घरी टेलिफोन नव्हता. येरमाळ्याच्या स्टँडजवळ एस.टी.डी.चे बूथ होते. बूथवाले एका पायाने अधू. अशा लोकांना बूथ देताना सरकार प्राधान्य देत असे, आणि माझ्या मते त्या खात्याने केलेल्या शहाणपणाच्या गोष्टींत ही गोष्ट फार वर बसते. मुंबईत तेव्हा काही मोजक्या ठिकाणी कार्डावर चालणारे टेलिफोन नवे नवे लागले होते. बंधूंना यंत्रांचे वेड. त्यांनी हौसेने एक कार्ड घेतले आणि बूथचा नंबर विसरायला नको म्हणून तो कार्डाच्या पाठीवर बॉलपेनने लिहून ठेवला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती पोचवून गाव झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीच्या, सास्तूरच्या बाजूला काय झाले ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सुमारे दहा हजार माणसे गेली. येरमाळ्याला आम्ही अंगणात घोंगडी टाकून बसून राहिलो, फळीवरची भांडी खाली आली, मागची एक भिंत निम्मी ढासळली, एवढ्यावर निभावले. पण मुंबईत बसलेल्या माणसाला हे कसे कळावे? त्याला सकाळी कळले ते इतकेच की लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत गावेच्या गावे बसली. बंधू त्या कार्डाच्या यंत्रापुढे जाऊन उभे राहिले. लाइन लागेना. दर खेपेला त्यांनी नंबराखाली एक रेघ ओढली. का ओढली, असे मी पुढे विचारले, तर म्हणाले, "हाताला काहीतरी काम पाहिजे होतं रे." अशा सतरा रेघा आहेत. अठराव्या खेपेला, संध्याकाळी, बूथ लागले. बूथवाल्यांनी आधी स्वतःच सांगून टाकले, "तुमच्या घरचे समदे नीट हाइत, धरून ठिवा, पोरगं धाडतो." पोरगे धावत आले, आई धावत गेली. तोवर तिकडे कार्डातली एकके एकेक करून गळत होती. आईने रिसीव्हर उलटा धरला, मग सुलटा धरला, म्हणाली, "भिंत पडली, माणसं हाइत." आणि कार्ड संपले.

काही वर्षांपूर्वी एका शहरात नाणी-तिकिटांचे प्रदर्शन होते, तिथे हे कार्ड मी एका मोठ्या संग्राहकाला दाखवले. गृहस्थ सज्जन, अभ्यासू. त्यांनी भिंग लावले, पुढची बाजू पाहून डोळे चमकले, आणि मग कार्ड उलटे केले. "अरेरे!" म्हणाले. "ह्या रेघोट्या नसत्या तर चार आकडी रक्कम मिळाली असती."

चार आकडी रक्कम मला कोणी फुकट दिली तर मी नको म्हणणार नाही. पण त्यांचे "अरेरे" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून उतरलेली नाही. त्या सतरा रेघा म्हणजे चाचणीचा निकाल आहे हो! यंत्र चांगले होते, कार्ड चांगले होते, पैसेही आगाऊ भरलेले होते. तरी संकटाच्या दिवशी एवढ्या खेपा रिकाम्या गेल्या, कारण पलीकडची वाट अरुंद होती. आणि शेवटी निरोप पोचवला तो यंत्राने नव्हे, एका पायाने अधू असलेल्या माणसाने आणि त्याच्या पोराने. आपल्या देशात कार्डाचा टेलिफोन का रुजला नाही, ह्याचे उत्तर ह्यापरते कोणते?

मला तरी ते उत्तर पुरेसे वाटते. कार्डाला आगाऊ पैसे लागतात. आपला माणूस बोलून झाल्यावर पैसे देतो, आणि कधी पुढच्या बाजाराला देतो. यंत्रावरच्या सूचना वाचाव्या लागतात. बूथवाला नंबर फिरवून हातात देतो. यंत्र शेजारच्या आळीतून कोणाला बोलावून आणत नाही. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, तिने आपल्या धुळीत आणि उकाड्यात टिकतील अशी छोटी एक्स्चेंजे बनवली, आणि मग पिवळ्या पाट्यांची बूथे गावोगाव झाली. रात्री उशिरा चौथाई दर सुरू झाला की तिथे रांग लागे. लाल आकडे पळताना बघत आम्ही किती बोलणी गिळली असतील! त्या बूथांपुढे कार्ड हरले. आणि १९९५ साली देशात मोबाइलचा पहिला कॉल झाला, त्यानंतर काही वर्षांत बूथही हरले. हरलेल्या कार्डाचे कोरे पान जपून तुम्ही काय सांगणार? ते का हरले हे त्याच्या पाठीवर लिहिलेले असते.

उलट पक्षाचे म्हणणे मी ऐकलेले नाही असे नाही. ते म्हणतात, कोऱ्या कार्डामुळेच मूळ छपाई, मूळ रंग, मूळ आकडे कळतात. खरे आहे. याद्या केल्या त्या ह्याच लोकांनी, नाहीतर माझ्यासारख्या खेडवळाला आपल्या डब्यात काय आहे हेही उमगले नसते; हे ऋण मी मानतो. म्हणून प्रत्येक प्रकारचे एकेक कोरे कार्ड कोणीतरी अवश्य ठेवावे. पण एक! सारा बाजारच कोऱ्याच्या मागे धावू लागला म्हणजे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. लोक जुन्या कार्डांवरची शाई स्पिरिटने पुसतात आणि पुसली न गेलेली कार्डे टाकून देतात. नंबर, नावे, तारखा, कोणी कोणासाठी काय लिहिले ते सगळे कापसाच्या बोळ्यावर निघून येते.

पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तिथे लोक जातात ते न वापरलेला अडकित्ता पाहायला जात नाहीत. आमच्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्यांनी गावच्या मातीतून निघालेल्या सातवाहनकाळच्या वस्तू जमवल्या, त्यांत मातीची खेळणी आहेत, बाहुल्या आहेत, फुटकी आहेत, झिजलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा पोराने हात तोडलेली बाहुली अभ्यासक डोक्यावर घेतात, आणि तीस वर्षांपूर्वीच्या कार्डावर रेघ ओढली म्हणून "अरेरे"?

आणि आमच्या येडाईचे पाहा. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला इथे लाखो माणसे येतात, चुन्याच्या रानात जाऊन चुनखडीचे खडे वेचतात. वेचण्यात इतकी माणसे रमलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. पण कोणी सुबक खडा शोधत बसत नाही, कोणी घरी नेऊन कपाटात ठेवत नाही. खड्यांचा ढीग होतो, त्या चुन्याने देवळाच्या भिंती पांढऱ्या होतात. गावच्या म्हाताऱ्या मला ह्यावरूनच टोचतात: "आम्ही येचतो ते देवीला लागतं. तू येचलेलं कुणाला लागतंय रं?" ह्या प्रश्नापुढे मी पुष्कळ वर्षे निरुत्तर होतो. आता निदान एवढे करतो की प्रत्येक कार्डाला एक लखोटा केला आहे, आणि कार्ड कोणी वापरले, कुठून, कोणाशी बोलायला, हे विचारून विचारून वर लिहितो. दोनशेपैकी एकतीस लखोट्यांवर मजकूर झाला आहे. बाकीच्या कार्डांची माणसे सापडत नाहीत, किंवा सापडतात आणि त्यांना आठवत नाही. एका म्हातारबांना कार्ड दाखवले तर त्यांनी ते बसचा जुना पास म्हणून कपाळाला लावले.

त्या सज्जन संग्राहकांचे मागच्या महिन्यात पत्र आले. रेघा स्पिरिटने अलगद निघतील, पुढच्या छपाईला धक्का लागणार नाही, त्यांच्या ओळखीचा एक कसबी माणूस आहे, आणि रकमेत ते वाढ करायला तयार आहेत, असा मजकूर आहे. मी अजून उत्तर धाडलेले नाही. वसुबारसेला थोरले बंधू येरमाळ्याला येत आहेत. आजवर त्या लखोट्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने काही लिहिलेले नाही. पेन आणि लखोटा मी काढून ठेवला आहे, आणि डबा ह्या खेपेला माळ्यावर न ठेवता चकलीच्या शेजारी फळीवर ठेवावा अशी सौभाग्यवतींकडे रदबदली चालू आहे.