दातातली खुंटी

जुईनगर सुटलं आणि नेरूळ यायच्या आत माझा दात गेला. फुटाण्याने! कट्‌ असा आवाज झाला. वाटलं, खडा आला. रुमालात थुंकून बघते तर दाताचा चांगला मोठा तुकडा. शेजारच्या काकूंनी ‘अगं बाई’ म्हणत पाण्याची बाटली पुढे केली आणि उरलेले फुटाणे खिडकीबाहेर फेकायला लावले.

आता कबुलीजबाब. याच उपदाढेचं दोन वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं होतं. ‘कॅप लगेच करून घ्या,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, पेमेंट आलं की करू. फ्रीलान्सरचं पेमेंट! शिवाय दुखत नव्हतं ना, मग घाई कसली? कॅपच्या पैशांत गोवा उरकला. हसू नका, तुमच्याही ऑफिसात असे दोघं-तिघं सापडतील. दाढ ठणकली की आपण रात्री अकरालाही डॉक्टरांना फोन करतो आणि ठणका थांबला की त्यांचा नंबर विसरतो.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, पोस्ट बसवावी लागेल. म्हणजे मुळाच्या पोकळीतलं थोडं मटेरियल काढायचं (तळाशी चार-पाच मिलिमीटर ठेवायचंच, नाहीतर इन्फेक्शनला वाट मिळते), तिथे एक बारीक दांडी चिकटवायची, तिच्या आधाराने मोडलेल्या भागाचा बुंधा बांधायचा आणि वर कॅप. मी खूश! आत सळई म्हणजे दात आरसीसी झाला की.

‘भिंतीत खुंटी ठोकली म्हणून भिंत मजबूत होते का?’ डॉक्टरांनी विचारलं.

नाही होत. पोस्टचं काम एवढंच, वरचा बुंधा धरून ठेवणं. उलट जागा करताना मूळ आतून तासलं तर ते पातळच होतं. म्हणून जिथे दात पुरेसा शिल्लक आहे तिथे पोस्ट लागतही नाही. दाढांना तर आतली पोकळी मोठी असल्याने बहुतेकदा नाहीच. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १९८४ साली अमेरिकेत रूट कॅनाल झालेल्या १२७३ दातांचा हिशेब मांडला होता. पोस्टमुळे दात जास्त टिकल्याचं दिसलं नाही. दाढा-उपदाढांना फरक पडला तो कॅपमुळे. २००२ मध्ये ॲक्विलिनो आणि कॅप्लन यांना तर कॅप न केलेले दात सहापट वेगाने गेल्याचं आढळलं. हे वाचून मला गोव्याचे फोटो बघवेनात.

मग पोस्टवाला दात टिकतो कशावर? आपल्याच दाताच्या उरलेल्या कडेवर. आजोबांच्या काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी असायची, आठवतंय? काठी उलू नये म्हणून. कॅपने हिरडीच्या वर शाबूत दाताची दीडदोन मिलिमीटरची कड चहूबाजूंनी अशीच कवळायला हवी. डेंटिस्ट लोक याला फेरूल म्हणतात. ती कड नसेल तर चावताना सगळा जोर खुंटीवर, आणि खुंटीतून मुळावर.

खुंटी कशाची, यानेही फरक पडतो. दातात धातूची खुंटी बसवायची कल्पना जुनीच. पिएर फोशार या फ्रेंच डॉक्टराच्या १७२८ च्या पुस्तकात ती आहे. पण स्टील दातापेक्षा दहापट ताठ. दात किंचित वाकतो, दांडी वाकत नाही, आणि कधीतरी मूळ उभं चिरतं. मग दात काढण्याशिवाय इलाज नाही. आता जास्त वापरात आहेत त्या काचतंतूंच्या फायबर पोस्ट. त्यांचा ताठपणा दाताच्या जवळपास. त्या अमर नाहीत हं! त्याही सुटतात. पण सुटल्या तर बऱ्याचदा पुन्हा बसवता येतात, मूळ वाचतं. चिकटवताना लाळ लागू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावणार का, हे बिनधास्त विचारा. ‘पोस्ट कुठल्या कंपनीची?’ यापेक्षा हा प्रश्न मोलाचा.

खर्चाने पोटात गोळा आला असेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. पैसे कमी, खेपा जास्त. बॉसला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

माझी कड मोजली. आतल्या बाजूला दोन मिलिमीटर, गालाकडे जेमतेम एक. हिरडी थोडी कापून कड उघडी करता येईल म्हणाले, ती केली. दोन टाके. मग फायबर पोस्ट बसली.

‘किती वर्षं जाईल?’ मी विचारलं.

‘झोपेत दात खाता का?’

आईला फोन लावला. खाते म्हणे, लहानपणापासून. त्यामुळे आता रात्री घालायच्या गार्डचं मापही दिलंय. कॅप शनिवारी बसतेय. पेमेंट आलेलं नाही, ताईकडून उसने घेतलेत.