चार पुस्तके वाचली. पाचवे कोण लिहिणार?

वर्षअखेरची सुटी लागली की आम्ही शिक्षक मंडळी दोन संकल्प करतो. घराला रंग लावायचा आणि कपाटात धूळ खात पडलेली पुस्तके वाचून काढायची. या वेळी रंग राहिला, पण चार पुस्तके वाचून झाली. वर्षभर मुलांना "वाचा, वाचा" म्हणायचे आणि स्वतः मात्र क्रमिक पुस्तकापलीकडे जायचे नाही, याची मनात थोडी लाज होतीच. त्या वाचनाचा हा हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी 'बनगरवाडी'. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेलासा मास्तर येतो. मुले मेंढरांमागे गेलेली, शाळा ओस. तो हळूहळू मुले जमवतो, लोकांची नडलेली कामे करून देतो, गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. प्रशिक्षणात आम्हाला पाठाचे टाचण काढावयास शिकवले. गाव आपले मानल्याखेरीज शाळा भरत नाही, हे मात्र या लहानशा पुस्तकाने शिकवले.

दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती कवी आणि लहरी. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. दुःख डोंगराएवढे, पण सांगणे असे की वाचता वाचता हसू फुटावे. चुलीजवळ बसून बोलावे तशी भाषा. काही पाने आम्ही घरात मोठ्याने वाचली, तेव्हा क्रिओलखेरीज न बोलणारी आमची मुलेही ऐकत बसली.

तिसरे पुस्तक प्रवासाचे, गोडसे भटजींचे 'माझा प्रवास'. कोकणातल्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून चुलत्याबरोबर १८५७ साली निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. मिळवलेले वाटेत लुटले गेले आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन तो आईबापांपाशी परतला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्याने हे सारे लिहून काढले. पुस्तक छापले गेले १९०७ साली.

हे वाचताना आमचे मन वारंवार समुद्राकडे जाई. त्याच काळात मुंबई बंदरातून कोकणची माणसे करारावर आमच्या या बेटावर येत होती. गरिबी तीच, पोटाची चिंता तीच. गोडसे भटजी परत गेले. आमचे बहुतेक पूर्वज इथल्या उसातच राहिले.

चौथी कादंबरी हिंदी, अभिमन्यु अनत यांची १९७७ सालची 'लाल पसीना'. आपल्या बेटावरील मजुरांचे हाल तिच्यात आहेत. काही ठिकाणी ती लांबली असे आम्हाला वाटले, तरी मिटून ठेवता आली नाही. पुस्तक संपले आणि एक प्रश्न उरला. मराठी मजुराची अशी कहाणी मराठीत कुठे आहे? आमच्या वाचनात तरी आलेली नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत नंबर सापडतो, जहाज सापडते. पण तो माणूस बोटीत कोणाशी बोलला, पहिल्या रात्री काय जेवला, हे नोंदवहीत सापडत नाही.

दोष आमचाही आहे. आमची आजी तिच्या आजोबांच्या गोष्टी सांगत असे. आम्ही परीक्षेच्या अभ्यासात गढलेले. "नंतर सांग," म्हणालो. आजी गेली आणि गोष्टीही गेल्या. आज आम्हाला त्यांतल्या दोनतीनच आठवतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या.

कोणी म्हणेल, आमची मराठी शुद्ध नाही, आम्ही काय लिहिणार? लक्ष्मीबाई कोणत्या विद्यापीठात गेल्या होत्या? गोडसे भटजी काही लेखक नव्हते. कोणीतरी आग्रह धरला म्हणून त्यांनी लिहिले. तो आग्रह धरणारा माणूस आपल्यात कमी आहे आणि ते काम शिक्षकांनी अंगावर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याकरण मागाहून सुधारता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही.

येत्या सत्रात आमच्या वरच्या वर्गाला आम्ही निबंधाऐवजी एकच काम देणार आहोत. घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी बसावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत पानभर लिहून आणावे. मध्ये क्रिओल शब्द आले तर येऊ द्यावेत. वाचकांच्या घरी अजून आजी असेल, तर त्यांनी आमच्या वर्गाची वाट पाहू नये. आज संध्याकाळीच वही काढावी.