मोहिमेचा घरगुती नकाशा

इतिहासाच्या वाचनाने ज्याचे मन एकदा वेधले गेले, त्याला केव्हा ना केव्हा असे वाटल्यावाचून राहत नाही की, ज्या लढाईची हकीकत आपण बखरीत, जुन्या पत्रांत किंवा ग्रँट डफच्या ग्रंथात वाचली, ती ज्या भूमीवर घडली त्या भूमीचे चढउतार, ओढे आणि वाटा डोळ्यांपुढे उभ्या राहिल्याखेरीज आपले वाचन पुरे झाले असे म्हणता येणार नाही. आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता सरकारदफ्तरी अहिल्यानगर असे लागले आहे, अशा भूमीला तोटा नाही. 1595 च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या फौजेने भुईकोट किल्ल्याला घातलेला आणि चांदबिबीने निर्धाराने परतवलेला वेढा, 1624 ची भातवडीची लढाई, 1795 ची खर्ड्याची लढाई, आणि 1803 च्या ऑगस्टात जनरल वेलस्लीने 8 तारखेला पेठ व 12 तारखेला किल्ला घेतला तो प्रसंग, एवढी सामग्री एका जिल्ह्याच्या हद्दीत सापडते. या मोहिमांचे नकाशे घरच्या घरी काढावेत आणि घरातल्या मुलांना दोन्ही पक्षांचे सेनापती करून त्या नकाशांवर मोहीम पुन्हा चालवावी, हा व्यासंग मी पुष्कळ दिवसांपासून जोपासला आहे, आणि त्यातून इतिहासाची जी समज येते ती नुसत्या ग्रंथवाचनाने येत नाही असे माझे प्रांजळ मत झाले आहे.

हा प्रकार काही नवा नाही. प्रशियात रायस्विट्झ आडनावाच्या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युद्धाचा असा पट सिद्ध केला. पुत्राने 1824 साली त्याची नियमावली प्रसिद्ध केली, आणि पुढे मोल्टकेसारख्या सेनानीने त्याचा पुरस्कार केला. खऱ्या प्रदेशाचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा, त्यावर सैन्याच्या तुकड्या दर्शविणारे ठोकळे, दैवाचा वाटा ठरविणारे फासे आणि उभय पक्षांच्या मध्ये निःपक्षपाती पंच, ही त्याची चार अंगे होत. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर पुस्तक लिहिले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत षट्कोनी घरांचे छापील पट निघू लागले. आपल्याकडे बुद्धिबळात हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी ही सेनेची अंगे पूर्वापार आहेत. परंतु त्या पटाची चौसष्ट घरे सारखीच सपाट असून त्यात ना नदी, ना घाट, ना विहीर. मोहिमेच्या नकाशाची खरी विद्या मात्र एक घर दुसऱ्यासारखे नसते, या एका गोष्टीत सामावलेली आहे.

नकाशा काढण्याची माझी रीत साधी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणाच्या पत्रकावर ट्रेसिंगचा कागद पसरावा, प्रथम निळ्या शाईने सीना, मुळा, प्रवरा, गोदावरी आणि त्यांना मिळणारे ओढे उतरवावेत, मग तपकिरी शाईने बालाघाटाच्या रांगा आणि त्यांतून उतरणाऱ्या घाटवाटा दाखवाव्यात, आणि शेवटी जुन्या कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख सापडतो तेवढीच कसबे व मौजे नोंदवावीत. त्या काळी जे नव्हते ते वगळणे हे काम त्याहून कठीण. लोहमार्ग आणि डांबरी रस्ते तर जातातच. पण 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, त्यामागून आलेले मुळेचे धरण, त्यांचे कालवे आणि त्या कालव्यांवर उभा राहिलेला उसाचा हिरवा मुलूख हेही सारे पुसावे लागते. ते पुसले गेले म्हणजे पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीवर आणि विहिरींवर जगणारा जुना जिल्हा कागदावर प्रकट होतो. त्यावर अडीच सेंटिमीटर रुंदीचे षट्कोन आखले की एक घर सुमारे दोन कोसांचे होते, आणि जुन्या पत्रांतला कुचाचा हिशोब त्या घरांत बिनचूक बसतो.

आता प्रत्येक घराच्या कोपऱ्यात मी दोन आकडे लिहितो, एक पाण्याचा व दुसरा दाणावैरणीचा. आणि खरा परिश्रम येथेच आहे. छापील पत्रकावर ओढ्याची रेघ निळी असते म्हणून फाल्गुनात त्या ओढ्याला पाणी असतेच असे नाही. त्यासाठी त्या महिन्यात तेथे जाऊन पात्रात उभे राहावे लागते, डोह कोठे टिकतो ते पाहावे लागते, आणि पारावर बसलेल्या वृद्ध ग्रामस्थांना विचारावे लागते की, बाबा, दुष्काळातही न आटलेली विहीर या शिवारात कोणती? असा प्रश्न विचारला की माणसे मोठ्या आस्थेने उठून बरोबर येतात, झाडोऱ्यात लपलेली दगडी बारव दाखवितात, तिच्या पायऱ्या किती खोल जातात ते सांगतात. आणि घरी येऊन त्या षट्कोनातला एकाचा आकडा खोडून तीन लिहिताना, एखाद्या लष्कराचा मुक्काम तेथेच का पडला असेल हे मनाशी स्पष्ट होते.

खेळाचे नियमही या आकड्यांतूनच निघतात. चिंचोके हे पायदळ, गुंजा ही घोडदळाची पथके आणि कवड्या हा तोफखाना. बुणग्यांसह चालणारी फौज दिवसाला दोन घरे पुढे सरकते, सडे घोडदळ पाच घरे जाते, तोफा घाटात चढल्या की पुरा दिवस खर्ची पडतो. आणि मोठ्या छावणीने एका घरात तीन मुक्काम केले की तेथील वैरण संपली असे धरावयाचे. दोन्ही सेनापती दोन खोल्यांत बसतात आणि पंच मधल्या दिवाणखान्यात पूर्ण पट सांभाळतो. ज्याच्या जासुदांनी जेवढे पाहिले असेल तेवढेच त्याला चिठ्ठीवर लिहून कळविले जाते, त्यामुळे शत्रूचा ठाव नसताना निर्णय घेणे म्हणजे काय, याचा अनुभव पंधरा वर्षांच्या मुलालाही येतो.

खर्ड्याचेच उदाहरण घ्या. वासुदेव वामनशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून सिद्ध केलेल्या ऐतिहासिक लेखसंग्रहात या मोहिमेची पत्रे आहेत, आणि ग्रँट डफनेही तिचे वर्णन विस्ताराने केले आहे. दोन्ही बाजूंच्या फौजा लाखाच्या वर. पेशव्यांच्या बाजूस सरदारीचे आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनांकडे, शिंद्यांच्या फौजेत जिवबादादा बक्षी आणि पेराँची कवायती पलटणे, शिवाय होळकर व नागपूरकर भोसले. हैदराबादच्या निजामाकडे रेमंडची पलटणे. मोहरीचा घाट उतरून खर्ड्याला आलेला निजाम 11 मार्च 1795 रोजी परांड्याच्या रोखाने निघाला तेव्हा लढाई जुंपली. आरंभी पठाणांच्या हल्ल्यात परशुरामभाऊ जखमी झाले आणि विठ्ठलराव पटवर्धन पडले. पण भोसल्यांच्या बाणांनी व पेराँच्या तोफांनी निजामाच्या घोडदळाची फळी मोडली. त्या रात्री पाण्याच्या शोधात निघालेली मराठ्यांची एक लहानशी टोळी ओढ्यावर उतरली असता तेथे पडलेल्या निजामाच्या शिपायांनी बार काढले. त्या आवाजाने सबंध लष्कर गडबडून उठले, अंधारात गोळीबार सुरू झाला, आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. डोंगरांनी वेढलेल्या त्या लहानशा किल्ल्यात कोंडून पडल्यावर त्याला तह करणे भाग पडले. दौलताबादसह मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे त्याने कबूल केले.

या प्रसंगाचा निकाल देताना बहुतेक ग्रंथकार निजामाच्या भित्रेपणावर बोट ठेवतात. नकाशा काही निराळेच सांगतो. त्याच्या पाठीशी घाट होता, आणि लाखभर माणसे आणि त्याहून अधिक जनावरे घेऊन रात्रीच्या वेळी घाट चढणे अशक्य होते. पुढच्या बाजूस मराठ्यांचे सडे घोडदळ पसरलेले. आणि मधल्या घरांतले पाण्याचे आकडे एक आणि शून्य. माझ्या घरी या पटावर निजामाची बाजू घेणारा प्रत्येक मुलगा, तो स्वभावाने कितीही धीट असो, अखेर तहानेनेच कोंडीत सापडतो. ती रात्रीची टोळीही शत्रूवर छापा घालण्यासाठी निघाली नव्हती, पाण्यासाठीच ओढ्यावर गेली होती, ही गोष्ट मग आकस्मिक वाटेनाशी होते.

भातवडीला याच्या उलट घडले. नगर तालुक्यातल्या मेहेकरी नदीच्या खोऱ्यातले ते गाव. तेथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेशी गाठ पडली तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीच्या भूमीत चिखल केला, रात्रीबेरात्री छापे घालून तिची रसद तोडली, आणि ती फौज खिळखिळी झाल्यावर तिच्यावर तुटून पडला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला; निजामशाहीच्या बाजूने लढताना शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच रणात पडले. एका लढाईत पाण्याचा अभाव आणि दुसरीत पाण्याचा लोंढा, पण दोन्ही ठिकाणी शस्त्राच्या बरोबरीने पाण्याने निकाल दिला. ही गोष्ट मी कोणत्याही ग्रंथात वाचली नव्हती. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी मांडल्यावरच ती माझ्या ध्यानात आली.

म्हणूनच माझे शिक्षकांना आणि पालकांना आग्रहाचे सांगणे आहे. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, आळीव पेरतात. ही परंपरा थोर आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण तो किल्ला बहुधा एकटा उभा असतो. त्याच्या पायथ्याचे गाव, गावाची विहीर, घाटाची वाट आणि रसदेचा बाजार यांना त्यात जागा नसते, आणि मोठेपणी आपण इतिहासाचा विचारही तसाच करू लागतो, वीर आणि गड दिसतात, पण मुलूख दिसत नाही. जामखेड, कर्जत, पाथर्डी, नगर या तालुक्यांतल्या शाळांनी एकेका मोहिमेचा नकाशा वर्गावर काढण्याचे मनावर घ्यावे, आपल्या शिवारातल्या बारवा आणि बारमाही विहिरी वृद्धांना विचारून त्यावर नोंदवाव्यात, आणि मग खुशाल दोन पक्ष पाडून मुलांना लढू द्यावे. खर्च कागदाचा व शाईचा. चिंचोके घरात असतातच. त्यातून इतिहास तर समजेलच, शिवाय ज्या जिल्ह्याला आजही दर उन्हाळ्यात पाण्याची विवंचना पडते, त्या जिल्ह्याच्या पुढच्या पिढीला आपल्या गावचे पाणी कोठे टिकते आणि कोठे आटते याची स्वतःच्या हाताने केलेली यादी मिळेल, आणि माझ्या मते या व्यासंगाचे सर्वांत मोठे फळ तेच आहे.