मूठभर तांदळाची परतफेड

१९०८ साली पणजीत मुष्टिफंडाची शाळा उभी राहिली, ती घरोघरी बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर. समाजाने मूठ दिली म्हणून शाळा चालली. आज एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी कमावता माणूस आजारी पडला, काम सुटले, चूल पेटेनाशी झाली, तर शाळेने ती मूठ परत करायला नको का?

सरकारी सोय आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते. या योजनेतले परराज्यातले रेशनकार्डही इथल्या स्वस्त धान्य दुकानात चालते. पण कार्डच नसेल तर अर्ज, चौकशी आणि प्रतीक्षा आली. पोट तोवर थांबत नाही. शाळेतला माध्यान्ह आहारही सुट्टीत बंद असतो.

म्हणून विश्वस्तांना विनंती, की शाळेत तांदळाचा एक डबा कायम भरलेला ठेवावा. कोणी नेला, हे मुख्याध्यापकांपाशीच राहावे. पालकांनी अडचण वर्गशिक्षकांच्या कानावर घालावी. त्यात कमीपणा नाही. आणि मुलांनो, डबा न आणलेल्या मित्राला कारण विचारू नका. आपला डबा पुढे करा.